हाडांचा चुरा, गंधकाचं ॲसिड आणि टेम्स नदीवरची होडी

श्रोतेहो, नमस्कार.

पेरणीच्या दिवसांत कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा, सुपरच्या पोत्यांची थप्पी लागलेली दिसते. सुपर, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेट. 16 टक्के स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, वर गंधक. भुईमूग, सोयाबीन करणाऱ्यांना ते किती आणि कधी टाकायचं हे मी सांगायला नको. आज मी सांगणार आहे ते हे खत कारखान्यात बनवून धंदा म्हणून उभा करणाऱ्या माणसाबद्दल. त्यांचं नाव जॉन बेनेट लॉझ.

लंडनच्या उत्तरेला हार्पेंडन गावाजवळ रॉथमस्टेड नावाची लॉझ घराण्याची जमीनदारी होती. 1834 साली, विशीतच, ती जॉनच्या ताब्यात आली. ऑक्सफर्डला शिकले, पण पदवी न घेताच परतले. रसायनांचा नाद मात्र भारी. घरातल्या एका चांगल्या शयनगृहाची त्यांनी प्रयोगशाळा करून टाकली आणि कुंड्यांमध्ये कोबी लावून खतं तपासायला लागले.

अशात लॉर्ड डेकर नावाच्या शेजारच्या जमीनदाराने त्यांना एक गोष्ट सांगितली. एका शेतात हाडांचा चुरा घातला की सलगम जोरदार येतात, दुसऱ्या शेतात तोच चुरा घातला तर काही उपयोग होत नाही. हाडं तीच, माती वेगळी. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच निघालं. हाडं तीच, माती वेगळी.

कारण थोडक्यात सांगतो. हाडातलं स्फुरद पाण्यात विरघळत नाही. आम्लधर्मी जमिनीत ते हळूहळू सुटतं, चुनखडीच्या जमिनीत तसंच पडून राहतं. घरात तांदूळ आहेत पण चूलच नाही, तशी पिकाची गत होते. लॉझनी हाडांच्या भुकटीवर गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड ओतलं. मिश्रण उकळल्यासारखं खदखदतं, तापतं, मग घट्ट होतं. ते फोडून, वाळवून शेतात टाकलं की स्फुरद पाण्यात विरघळतं आणि मुळांना मिळतं. 23 मे 1842 रोजी त्यांनी याचं पेटंट घेतलं. आयर्लंडमधले डॉक्टर जेम्स मरेही याच वाटेने चालले होते. त्यांचे हक्क लॉझनी पुढे विकत घेतले.

आणि आता तो किस्सा, ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला.

पेटंट हातात आलं, पण कारखाना नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस लॉझ यांचं लग्न झालं. वधू नॉरफोकमधल्या मोठ्या घरातली, कॅरोलाइन फाउंटन. त्या काळी इंग्लंडातल्या अशा घरांमध्ये लग्नानंतर जोडप्याने युरोपच्या सफरीला जायचं, ही रीतच होती. कॅरोलाइनलाही तोच बेत सांगितलेला होता. पण सांगतात ते असं, की लॉझनी तो बेत रद्द केला आणि नव्या नवरीला घेऊन ते टेम्स नदीवर होडीने फिरले. कशासाठी? कारखान्याला जागा शोधायला!

डोळ्यासमोर आणा, श्रोतेहो. लंडनचा हिवाळा. नदीचं पाणी त्या काळी शहराच्या घाणीने भरलेलं. दोन्ही काठांवर गोदामं, धक्के, कोळशाचे ढीग. आणि होडीत एक जमीनदार, ज्याला पोटासाठी काही करायची गरज नाही, तो काठ न्याहाळतोय. हाडांच्या बोटी इथे लागतील का? कोळसा उतरेल का? ॲसिडचे कॅरबॉय, म्हणजे मोठे काचेचे बुधले, सांभाळून नेता येतील का? भरतीला पाणी कुठवर चढतं? तयार खत बोटीत भरून किनाऱ्या-किनाऱ्याने शेतकऱ्यांपर्यंत कसं जाईल? खतासारखा जड आणि स्वस्त माल बैलगाडीने लांब न्यायचा म्हटलं तर भाड्यातच नफा संपतो. म्हणून नदीच हवी होती. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वास सहन होईल, अशी जागा हवी होती.

त्या काळच्या प्रतिष्ठित माणसाने व्यापार करणं आधीच कमीपणाचं, त्यातून खताचा व्यापार! त्या लोकांनी नाकं मुरडली. आपल्याकडेही शेणाला हात लावणाऱ्याला खालचं मानण्याची खोड अजून गेलेली नाही, आणि मला तिचा मनापासून राग येतो. ज्या हाताला शेण लागतं त्याच हाताचं आपण खातो.

जाता जाता लग्नाचंही बोलतो. हल्ली लग्नाआधी ड्रोन उडवून चित्रीकरण, तीन-तीन दिवसांचे सोहळे, त्यासाठी काढलेलं कर्ज. माझं स्पष्ट मत आहे, त्यातले निम्मे पैसे मुलामुलीच्या हाती धंद्याला द्यावेत. कॅरोलाइनने होडीत बसून जे पाहिलं, तेच पुढे तिच्या संसाराचा पाया झालं. असो, होडीकडे येऊ.

जागा सापडली ती डेटफर्ड क्रीकवर, ग्रिनिचच्या अलीकडे, जिथे छोटी नदी टेम्सला मिळते. सहा महिन्यांत कारखाना चालू झाला. 1 जुलै 1843 रोजी ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या बागायतदारांच्या साप्ताहिकात जाहिरात झळकली: लॉझ यांची पेटंट खतं डेटफर्ड क्रीकच्या कारखान्यात मिळतील, भाव बुशेलला, म्हणजे तिकडच्या एका मापाला, साडेचार शिलिंग. होडीच्या त्या फेरीपासून छापील भावापर्यंत, अवघे सहा महिने!

धंदा वाढला, 1857 साली बार्किंग क्रीकला दुसरा कारखाना झाला. हाडं पुरेनाशी झाली तेव्हा खनिज फॉस्फेट वापरात आलं. खत विकणाऱ्या माणसाने जे केलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. 1843 सालीच जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला सोबत घेऊन त्यांनी ब्रॉडबॉक शेतात गव्हाचे पट्टे आखले. कुठे शेणखत, कुठे रासायनिक, आणि एक पट्टा अगदी रिकामा, कुठलंच खत नाही. खत विकणाऱ्याने बिनखताचा पट्टा राखला! तो आजही पेरला जातो. शेतकऱ्यांनी कृतज्ञतेने वर्गणी काढली तेव्हा लॉझनी प्रयोगशाळा मागितली. ती 1855 साली उघडली. 1872 साली खताचा धंदा तीन लाख पौंडांना विकला आणि 1889 साली त्यातले एक लाख पौंड प्रयोगांच्या विश्वस्त निधीला दिले.

याच प्रयोगांच्या आकड्यांचा अर्थ लावायला 1919 साली रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ रॉथमस्टेडला आले. राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी विद्यापीठांत आज खतांचे जे प्लॉट आखले जातात, त्यांच्या मांडणीचे नियम फिशर यांनीच घालून दिले. आपल्या देशात सुपरचा पहिला कारखाना तमिळनाडूत राणीपेटला 1906 साली निघाला.

आता गच्चीवर बाग करणाऱ्यांसाठी. नर्सरीत बोनमीलची, म्हणजे हाडांच्या चुऱ्याची, पुडी मिळते. कोकणातली जांभी माती आम्लधर्मी असते, तिथे ते हळूहळू लागू पडतं. देशावरची काळी, चुनखडीची माती भरून कुंडीत बोनमील टाकाल, तर ते तसंच पडून राहील. हाडं तीच, माती वेगळी. आधी मातीचा सामू, म्हणजे पीएच, तपासून घ्या. तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारलं तर माती कुठे द्यायची ते सांगतात. नमस्कार.