मुक्कामाची गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. भरलेल्या गाडीत वाट काढत तिकिटं फाडायची, सुटे पैसे तोंडी हिशेबानं परत करायचे आणि रात्री वेबिल पैशापर्यंत जुळवायचं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच अण्णांनी एक दिवस भाजीवाल्या मावशींपुढे पाकीट उघडून धरलं आणि म्हणाले, "तुमचे तुम्हीच घ्या." माझ्या काळजात धस्स झालं. घरात मात्र सगळ्यांचं एकच, वय झालंय, चालायचंच. त्या "चालायचंच"मध्ये आमची दोन वर्षं गेली.

अण्णांना अल्झायमर झाला होता, म्हणजे आठवण हळूहळू पुसत नेणारा मेंदूचा आजार. पुढे कळलं की लक्षणं दिसायला लागतात तेव्हा हा आजार मुळीच नवा नसतो. मेंदूतल्या पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत जातं आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो. हे पंधरा-वीस वर्षं आधीपासून गुपचूप चाललेलं असू शकतं. जर्मनीतल्या डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ऑगुस्टे डेटर या बाईंच्या मेंदूत हेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. १९०१ मध्ये त्या फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आल्या तेव्हा अवघ्या ५१ वर्षांच्या होत्या. "मी स्वतःलाच हरवून बसले आहे," असं त्या म्हणायच्या.

नव्या आठवणी रुजतात त्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाला आणि त्याच्या शेजाराला सहसा पहिला फटका बसतो. म्हणून अण्णांना सकाळचे पोहे आठवायचे नाहीत, पण १९७२ च्या दुष्काळात कुठल्या गावची माणसं खडी फोडायला गाडीनं जायची, ते थांब्यासकट आठवायचं. पाहुणे म्हणायचे, "जुनं तर सगळं लख्ख आठवतंय, मग कसला आजार?" अहो, या आजाराची हीच तर रीत आहे! तोच प्रश्न पुन्हापुन्हा, लाइटबिल दोनदा भरणं, ओळखीच्या वाटेवर चुकणं, अशी ही सुरुवात असते. मात्र विसरणं सुरू झालं की अल्झायमरच, असंही समजू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून साचलेलं रक्त, यांनीही माणूस विसराळू होतो, आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून आधी तपासणी.

यानंतरचा मधला टप्पा सगळ्यात लांबतो, कित्येक वर्षं चालतो, आणि घराची खरी दमछाक इथेच होते. पैसे चोरल्याचा आळ माझ्या वहिनीवर आला, तिच्याच हातचं जेवून. आंघोळीला ते नको म्हणायचे. आणि दिवेलागणीला अण्णा शर्टाची बटणं लावून दाराशी उभे राहायचे, "माझी मुक्कामाची गाडी चुकेल." उन्हं कलली की जीव असा सैरभैर होणं या आजारात फार दिसतं.

मी त्यांना समजवायची, "अण्णा, तुम्ही रिटायर झालात, आईसुद्धा गेली." ते ऐकून ते ढसाढसा रडायचे, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. बायको गेल्याची बातमी मी त्या माणसाला किती वेळा दिली असेल! आजही ते मनाला लागतं. मग एकदा वहिनीच म्हणाली, "अण्णा, कंट्रोलरचा निरोप आलाय, गाडी लेट आहे. तोवर चहा घ्या." अण्णा बसले. चहा घेतला. कुठल्या स्टँडवरचा चहा चांगला, ते सांगत बसले. त्या दिवसापासून आम्ही खरंखोटं करणं सोडलं. "मला ओळखलंत का?" हेही विचारणं बंद केलं. आल्याआल्या मीच म्हणायची, "अण्णा, मी तुमची धाकटी." नाव गेलं होतं, पण माझा आवाज चढला की ते भेदरायचे आणि हातात हात घेतला की शांत व्हायचे, हे अगदी शेवटपर्यंत टिकलं.

गोळ्या होत्या. डोनेपेझिलसारख्या औषधानं काही काळ थोडी मदत होते, आजार थांबत नाही. एक मात्र मनात पक्कं ठेवा. या आजारात माणूस हळूहळू खालावत जातो. माणूस एका रात्रीत एकदम बरळायला लागला तर "आजार वाढला" म्हणून स्वस्थ बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, असं काही असू शकतं. तेव्हा लगेच डॉक्टर गाठा.

शेवटच्या टप्प्यात शब्द जातात, चाल जाते, मग गिळणं अवघड होतं. घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका मोठा. आम्ही अण्णांना ताठ बसवून दाटसर पेज चमच्याचमच्यानं भरवायचो, पहिला घोट उतरल्याशिवाय दुसरा नाही. एका जेवणाला पाऊण तास लागायचा. त्या दिवसांत ते कॉटच्या लोखंडी कडेवर बोटानं वाजवायचे. टण, टण. डबल बेल. गाडी सोडायची खूण. बाकी सगळं पुसलं गेलं तरी हातांनी ते जपलं होतं.

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचा अंदाज आहे. त्यात मोठा वाटा अल्झायमरचा. म्हणजे तुमच्या आळीतही असं एखादं घर असेल. तिथे "कसे आहेत आता?" एवढंच विचारून परतू नका. दोन तास त्या माणसापाशी बसा आणि सांभाळणाऱ्या बाईला म्हणा, जा, जरा झोपून ये. आमच्या शेजारच्या काकू दर गुरुवारी दुपारी येऊन बसायच्या. त्या आठवड्यात माझी वहिनी सलग झोपायची ती तेवढीच.

नमस्कार.