तापमानातला फरक आणि नको तिथे शिरणारे 32

श्रोतेहो, नमस्कार. 2015 च्या पॅरिस करारात जगाची तापमानवाढ 1.5 अंश सेल्सिअसवर रोखण्यासाठी प्रयत्न करायचं ठरलं. हा आकडा फॅरनहाइटमध्ये किती? शाळेतलं सूत्र तोंडपाठ असतं, 1.8 नं गुणा आणि 32 मिळवा. उत्तर येतं 34.7. पृथ्वी एवढी तापली तर बोलायला कुणी उरायचं नाही! खरं उत्तर 2.7 आहे.

सूत्र बरोबरच आहे, पण ते थर्मामीटरवरच्या एका नोंदीसाठी आहे, दोन नोंदींमधल्या फरकासाठी नाही. बर्फ वितळतो त्या बिंदूला सेल्सिअस शून्य म्हणतो, फॅरनहाइट 32. मोजायला सुरुवात कुठून केली, एवढंच ते 32 सांगतं. टोक तुटलेल्या पट्टीनंही पेन्सिल मोजता येते ना? 3 पासून 9 पर्यंत, म्हणजे 6. तसंच इथे. ताप 37 वरून 39 सेल्सिअसवर गेला, म्हणजे 98.6 वरून 102.2 फॅरनहाइटवर. वजाबाकी केली की दोन्हीकडचे 32 उडतात आणि 3.6 उरतात.

उरतो तो फक्त अंशाचा आकार. बर्फ वितळण्यापासून पाणी उकळेपर्यंत सेल्सिअसचे 100 अंश, फॅरनहाइटचे 180. म्हणून फरकाला 1.8 नं गुणायचं. तोंडी करायचं तर दुप्पट करा आणि त्यातून दहावा हिस्सा काढा. 15 चे 30, वजा 3, झाले 27. उलट जाताना निम्मे करा आणि त्यात त्याचाच नववा हिस्सा मिळवा. 36 चे 18, अधिक 2, झाले 20. शास्त्रज्ञ वापरतात त्या केल्विन मापात सेल्सिअसचा शून्य म्हणजे 273.15. पण केल्विनचा अंश सेल्सिअसएवढाच, त्यामुळे फरकात 273.15 चा संबंधच येत नाही.

दोन नोंदी दोन वेगळ्या मापांत असतील, तर मात्र 32 लागतात. एक थर्मामीटर 25 सेल्सिअस दाखवतो, दुसरा 95 फॅरनहाइट. 95 मधून 25 वजा करून आलेल्या 70 ला काहीच अर्थ नाही. आधी 95 चे सेल्सिअस करा. 32 वजा केले की 63, त्यांना 1.8 नं भागलं की 35. आता वजाबाकी करा. फरक 10 सेल्सिअस, म्हणजेच 18 फॅरनहाइट.

मोबाइलवरच्या रूपांतराच्या अ‍ॅपवर इथे विसंबू नका. 10 टाकले की ते निमूटपणे 50 दाखवतं, कारण तुम्ही नोंद दिलीत की फरक, हे त्याला कळत नाही. उपकरणावर 'अधिक-उणे अर्धा अंश' लिहिलेलं असतं, तोही फरकच. फॅरनहाइटमध्ये तो 0.9.

आणि 'दर अंशाला' असं माप आलं की गुणाकाराच्या जागी भागाकार येतो. एक मीटरची पोलादी सळई दर सेल्सिअस अंशाला सुमारे 12 मायक्रोमीटर लांबते. फॅरनहाइटचा अंश लहान, म्हणून 12 ला 1.8 नं भागायचं. दर फॅरनहाइट अंशाला सुमारे 6.7.