विसाची खाच

हेझलच्या लाकडाची ही काठी नीट पाहा. खाचा आहेत, पण सगळ्या सारख्या नाहीत. मध्ययुगात इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात पैशांचा हिशेब असा काठीवर कोरत. हजार पौंडांची खाच तळहाताएवढी रुंद, शंभरांची अंगठ्याएवढी, विसांची करंगळीएवढी. आणि एका पौंडाची? पिकलेल्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. एक फाक पैसे भरणाऱ्याकडे, दुसरी खजिन्यात. पुढे कधी वाद झालाच, तर दोन्ही फाका जुळवायच्या. खाचेला खाच मिळालीच पाहिजे.

अशा खाचेला जुन्या नॉर्स भाषेत 'स्कोर' म्हणत. तोच इंग्रजीतला 'स्कोअर', आणि त्याचा एक अर्थ वीस. मेंढ्या मोजताना वीस झाल्या की काठीवर एक खाच पाडायची आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची, असं त्याचं मूळ सांगतात. मला ते पटतं; हातापायांची बोटंही वीसच भरतात. आपली 'कोडी'सुद्धा विसाचीच. आणि क्रिकेटचा स्कोअर? सुरुवातीच्या काळात धावाही काठीवर खाचा पाडूनच मोजत.

१६११ च्या इंग्रजी बायबलात माणसाचं आयुष्य 'थ्रीस्कोअर अँड टेन' वर्षांचं आहे. तीन विसा नि दहा, म्हणजे सत्तर. १९ नोव्हेंबर १८६३ ला गेटिसबर्गच्या दफनभूमीवर लिंकन बोलायला उभे राहिले. पहिलेच शब्द, 'फोर स्कोअर अँड सेव्हन इयर्स अगो'. चार विसा नि सात, ८७ वर्षं. १८६३ मधून वजा करा, १७७६ उरतं: अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. 'एटी सेव्हन' म्हटलं असतं तरी गणित तेच राहिलं असतं. पण समोरच्यांच्या कानात बायबल होतं.

लिंकन 'फोर स्कोअर' म्हणाले, 'स्कोअर्स' नाही. आधी आकडा आला की या शब्दाचं अनेकवचन होत नाही. बातमीतल्या 'स्कोअर्स ऑफ पीपल'मध्ये मात्र विसाचा हिशेब सुटलेला असतो. पुष्कळ माणसं, एवढंच. त्याचं मराठीत सर्रास 'शेकडो' केलं जातं, ते मला खटकतं. चाळीस-पन्नास जखमी असतील तर शेकडो कसे लिहायचे? 'अनेक' लिहावं.

खजिन्यातल्या काठ्यांची पद्धत १८२६ मध्ये बंद पडली. साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ ला लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांमध्ये दिवसभर जाळल्या. धुराड्यातून आग वर चढली, आणि त्या रात्री वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा, म्हणजे लंडनमधली संसदेची इमारत, जवळजवळ सगळा जळाला.