पेपर एक, नावं पाच: श्रेय कुणाला किती?

नमस्कार मंडळी.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. जून-जुलै आला की आमच्या काउंटरवर पुस्तकं मागणाऱ्या मुलांपेक्षा फॉर्म घेऊन येणाऱ्या सरांची गर्दी जास्त असते. प्रमोशनचा फॉर्म. परवा असेच एक सर आले, पेपरची, म्हणजे छापून आलेल्या शोधनिबंधाची, झेरॉक्स पुढे ठेवली. वर पाच नावं, सरांचं दुसरं. म्हणाले, "मॅडम, याचे गुण माझ्या वाट्याला किती?"

[पडद्यावर: १० गुण, ५ नावं]

शाळेतलं गणित म्हणतं दहा भागिले पाच, प्रत्येकी दोन. पण यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमावलीत भाषा आणि समाजशास्त्रांच्या एका पेपरला १० गुण आहेत आणि त्यांची वाटणी अशी: लेखक दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा करस्पॉन्डिंग लेखकाला (पेपरबद्दलच्या पत्रव्यवहारासाठी तळटीपेत ज्याचं नाव असतं तो) ७० टक्के, बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. प्रत्येकाला, हं. म्हणजे एकाला ७ आणि उरलेल्या चौघांना ३-३. करा बेरीज. एकोणीस. दहाचे एकोणीस झाले! दोघांनीच लिहिला असता तर दोघांना सात-सात, म्हणजे चौदा. आणि दहा जणांनी लिहिला तर चौतीस.

पुरणपोळी एकच, पण पानं वाढतील तशी ती मोठी होत जाते. मग कोण कशाला म्हणेल की या सहाव्या माणसाचं नाव नको?

आता यूजीसीला हसण्याआधी थांबा, कारण हा प्रश्न जगात कुणालाच नीट सुटलेला नाही. एका पेपरवर अनेक नावं असतील तर श्रेय कुणाला किती मोजायचं, यावर सत्तर वर्षं डोकेफोड चाललीये. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या आकड्यावर आपण माणूस मोठा की लहान ठरवतो, तो आकडा बऱ्याचदा माणसाबद्दल कमी आणि वाटणीच्या नियमाबद्दल जास्त सांगतो. एक खरा पेपर घेऊन दाखवते.

त्याआधी एक माणूस. युजीन गारफील्ड, अमेरिकेतला. अमेरिकन वकिलांकडे १८७३ पासून एक सूची असायची, शेपर्ड्स सायटेशन्स. अमुक निकालाचा आधार पुढे कुठल्या निकालांनी घेतला, तो अजून टिकून आहे की फिरवला गेला, हे तिच्यात सापडायचं. गारफील्डनं १९५५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लेख लिहून म्हटलं, असंच विज्ञानाच्या पेपरांचं का करू नये? साठच्या दशकात त्यानं ते करून दाखवलं: सायन्स सायटेशन इंडेक्स. जाडजूड खंड, मुंगीएवढी अक्षरं. लेखकाचं आडनाव शोधायचं, त्याखाली त्याचा जुना पेपर, आणि त्याखाली त्या पेपरचा संदर्भ देणाऱ्या नव्या पेपरांची रांग.

पण कुठल्या लेखकाचं आडनाव? फक्त पहिल्या! जागा वाचवायची होती, शिवाय संदर्भ देणारे लोकही 'अमुक आणि इतर' एवढंच लिहीत होते. तेव्हा तुमचं नाव दुसरं असेल तर त्या खंडात स्वतःच्या नावाखाली शोधून काही उपयोग नव्हता. गारफील्डला माणसं मोजायची नव्हती, त्याला पेपर शोधून द्यायचे होते, आणि शोधायला एक नाव पुरतं. माणसं मोजायची हौस नंतरच्यांची.

आता तो पेपर. १९५७, रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स. शंभरावर पानं. तुमच्या हाडातलं कॅल्शियम, रक्तातलं लोह हे ताऱ्यांच्या पोटात कसं तयार झालं, ते सांगणारा. लेखक चार: मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर, फ्रेड हॉइल. भौतिकशास्त्रातले लोक त्याला चौघांच्या आद्याक्षरांवरून बी-टू-एफ-एच म्हणतात. आणि हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

नावांचा क्रम बघा. बी, बी, एफ, एच. सरळ इंग्रजी वर्णमाला. कुणी किती काम केलं याच्याशी त्या क्रमाचा काही संबंध नाही. तरी जगभर संदर्भ पडतो 'बर्बिज आणि इतर, १९५७' असा. गारफील्डच्या जुन्या खंडात फाउलर आणि हॉइल या पेपरपुरते अदृश्य.

मला एक गंमत सुचली. हाच पेपर मराठी वर्णमालेनं लावला असता तर? प, फ, ब. फ आधी, ब नंतर! म्हणजे तो 'फाउलर आणि इतर' झाला असता. आणि गुरुत्वाकर्षणाचा हॉइल-नारळीकर सिद्धांत? न आधी, ह पार शेवटी. नारळीकर-हॉइल सिद्धांत. कामात काडीचा फरक नाही, फक्त बाराखडी बदलली.

हा नुसता विनोद नाही बरं का. अर्थशास्त्रात नावं वर्णक्रमानं लावायची पद्धत आहे. लिरान आयनाव आणि लीट यारिव या दोघांनी २००६ मध्ये दाखवलं की अमेरिकेतल्या अव्वल अर्थशास्त्र विभागांत, आडनाव वर्णमालेत आधी येत असेल तर कायम नोकरी मिळण्याची शक्यता जास्त. मानसशास्त्रात, जिथे अशी पद्धत नाही, तिथे हा परिणाम दिसला नाही. क्षीरसागर आडनावाच्या लोकांनी मनाला लावून घेऊ नका, इंग्रजीत तुम्ही मधे कुठेतरी येता.

तर मोजायचं कसं? सर्वांत सोपी पद्धत, सगळ्यांना पूर्ण श्रेय. पेपरला ४० सायटेशन्स, म्हणजे ४० नव्या पेपरांनी त्याचा संदर्भ दिलेला, चार लेखक, चौघांच्याही खात्यात ४०-४०. तुमच्या गूगल स्कॉलरच्या पानावर हेच असतं. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये काढलेला एच-इंडेक्सही असाच. तुमचे किमान दहा पेपर असे आहेत की प्रत्येकाला किमान दहा सायटेशन्स, मग तुमचा एच किमान दहा. पेपर एकट्यानं लिहिला की शंभर जणांनी, एचला फरक पडत नाही. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर एक पेपर आला, सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या दोन मोठ्या गटांचा मिळून. ३३ पानं. त्यातली २४ पानं फक्त लेखकांची नावं आणि त्यांच्या संस्था. लेखक ५,१५४! एच-इंडेक्सच्या लेखी तो पेपर पाच हजार जणांचा, प्रत्येकाचा अख्खा. हिर्शलाही हे खटकत असणार, कारण २०१० मध्ये त्यानंच सहलेखकांचा विचार करणारा वेगळा निर्देशांक मांडला. तुम्ही त्याचं नाव ऐकलंय? कुठल्या फॉर्मात रकाना पाहिलाय? मीही नाही.

दुसरी पद्धत, सरळ भागाकार. येल विद्यापीठातल्या डेरेक डी सोला प्राइसनं १९८१ मध्ये हाच आग्रह धरला होता: चार लेखक, प्रत्येकाला पाव. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाची क्रमवारी याच विचाराला पसंती देते. यात पोळी फुगत नाही. सहावं नाव घातलं की आधीच्या पाचांचं पान हलकं होतं, त्यामुळे फुकटची नावं घालताना हात आखडतो. पण जिनं दोन वर्षं प्रयोगशाळेत रात्री काढल्या आणि ज्यानं फक्त सही केली, दोघांना सारखाच पाव.

म्हणून तिसरी पद्धत, क्रमाप्रमाणे उतरतं श्रेय. पहिल्याला एक, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला एक तृतीयांश, चौथ्याला पाव, आणि मग सगळ्यांची बेरीज शंभर टक्क्यांवर आणायची. चार लेखकांत ही वाटणी येते ४८, २४, १६ आणि १२ टक्के. छान वाटतं ना?

[पडद्यावर: बर्बिज ४८, बर्बिज २४, फाउलर १६, हॉइल १२]

लावा आता बी-टू-एफ-एचला. हॉइल १२ टक्के! ज्यानं १९४६ आणि १९५४ मध्ये एकट्याच्या नावावर याच विषयाची पायाभरणी करणारे पेपर लिहिले होते, त्याला सगळ्यात कमी. डोनाल्ड क्लेटन या खगोलशास्त्रज्ञानं २००७ मध्ये लिहिलंय की पुढे सगळे १९५७चाच संदर्भ देत गेले आणि हॉइलचा १९५४चा पेपर मागे पडला. बरं, जीवशास्त्रात शेवटचं नाव म्हणजे प्रयोगशाळेचे बॉस. तिथे हे सूत्र बॉसलाच तळाला बसवतं.

दरवर्षी वर्तमानपत्रात बातमी येते बघा, 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या प्राध्यापकांची निवड'. निवड वगैरे कुणी करत नाही. स्टॅनफर्डचे जॉन आयोआनिडिस आणि सहकारी स्कोपस या पेपर आणि सायटेशन्सच्या माहितीसाठ्यावरून सूत्रानं ती यादी काढतात. सूत्र तसं विचारपूर्वक आहे. एकूण सायटेशन्स आणि एच आहेतच, शिवाय सहलेखकांनुसार विभागलेला एच आहे, आणि एकटे, पहिले किंवा शेवटचे लेखक म्हणून मिळालेल्या सायटेशन्सना वेगळं वजन. बी-टू-एफ-एच यात टाका. पहिली मार्गारेट, शेवटचा हॉइल, त्या दोघांना ते वजन मिळेल. मधल्या दोघांना नाही. त्या मधल्या दोघांत फाउलर आहे, ज्याला १९८३ मध्ये, चंद्रशेखर यांच्यासोबत, नोबेल मिळालं. हॉइलला नाही मिळालं. नोबेल समिती एक सांगते, सूत्र दुसरंच, आणि बाराखडी मधेच हसते.

नाव असणं म्हणजे काम केलेलं असणं, हेही गृहीत धरू नका. जॅक हेदरिंग्टन नावाच्या मिशिगनच्या भौतिकशास्त्रज्ञानं पेपर एकट्यानं लिहिला, पण टाइप करताना सगळीकडे 'आम्ही'. सहकारी म्हणाला, एकटा लेखक आणि 'आम्ही', परत पाठवतील. टाइपरायटरचा काळ, पुन्हा सगळा टाइप कोण करणार? त्यानं आपल्या मांजराला सहलेखक केलं. एफ. डी. सी. विलार्ड. १९७५ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये तो छापून आला, आणि काही प्रतींवर मांजराच्या पंजाची सहीही आहे.

आणि उलट बाजूनं, काम केलेलं असूनही नावावर जमा न होणं. हा आपल्याकडचा खास त्रास. 'एस. पाटील' टाकून बघा स्कोपसमध्ये, जत्रा सापडेल. माझ्या एका मैत्रिणीचे पेपर तीन नावांवर आहेत: माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, आणि एक जिथे संपादकांनी वडिलांच्या नावालाच आडनाव समजून टाकलं. तीन खाती, तीन किरकोळ एच. एकत्र केल्यावर आकडा मोठा झाला. बाई तीच होती. यावर उपाय ऑर्किड (ORCID), २०१२ पासून, नाव बदललं तरी न बदलणारा संशोधकाचा सोळा अंकी क्रमांक, फुकट, दहा मिनिटांचं काम. पीएचडीला नोंदणी केली असेल तर आजच काढा, लग्नाआधी. लिंक खाली देते.

तर ते सर. त्यांचं नाव दुसरं, म्हणून मी रकान्यात ३ लिहिले. सरांनी चष्मा वर केला, झेरॉक्स उचलून तळटीप वाचली आणि विचारलं, "मॅडम, करस्पॉन्डिंग ऑथर आता बदलून मिळतो का हो?"