उणे २० अंशातलं रान

(दृश्य : बोंडं झटकणारे हात, जवळून)

हे हात बियांच्या बँकेसाठी रानफुलाचं बी गोळा करतायत, आणि वाटतं तितकं सोपं काम नाहीये हे. बी पुरतं पिकलेलं पाहिजे पण गळायच्या आत हाती लागलं पाहिजे, आणि मधे कधीकधी जेमतेम थोडेच दिवस मिळतात. त्यात हवामान बदलतंय तसा फुलोरा पुढेमागे होतोय, जुन्या नोंदींच्या भरवशावर जावं तर बोंडं रिकामी. एक नियम मात्र कडक, त्या दिवशी जेवढं पिकलेलं बी आहे त्यातलं २० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही, बाकीचं रानाचं. आणि घ्यायचं तेही शक्य तितक्या जास्त झाडांवरनं, कारण एकाच जातीतलं एक झाड कोरड सोसतं, दुसरं नाही, तो फरकच तर वाचवायचाय.

(दृश्य : काचेची इमारत, मग आतली लॅब)

ही इंग्लंडमधल्या वेकहर्स्टची मिलेनियम सीड बँक, लंडनमधल्या क्यू इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डन्स या वनस्पती उद्यानाची, २००० साली सुरू झालेली. पिकांचं बी जपणाऱ्या बँका बऱ्याच आहेत, इथे मुख्य भर रानटी वनस्पतींवर, ज्यांना कोणी वाली नाही.

हा एक्स-रे नीट बघा. भरीव दिसतंय ते चांगलं बी, आत काळी पोकळी आहे ते पोचट, आणि कधीकधी तर आत अळी वेटोळं करून बसलेली दिसते. बाहेरनं सगळी सारखीच दिसतात हां.

मग वाळवण. १५ अंश तापमान, १५ टक्के आर्द्रता, अशा खोलीत बी पडून राहतं, घाई अजिबात नाही. ओलं बी तसंच गोठवलं तर आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि पेशी फाटतात. वाळलेलं बी मात्र हवाबंद बरणीत, उणे २० अंशात, कित्येक वर्षं जिवंत राहतं. बियांचा ओलावा १ टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणजे सगळा खेळ वाळवण्यात आहे.

(दृश्य : काचेच्या बशीत फुटलेला कोंब)

ठेवून दिलं की संपलं असं नाही, काही वर्षांनी थोडं बी काढून उगवतंय का ते बघतात. इथे खरी कसोटी, कारण रानटी बी सहजासहजी उगवत नाही. कुणाला आधी थंडी लागते, कुणाचं टरफल खरवडावं लागतं, आणि वणव्याच्या प्रदेशातल्या काही बियांना चक्क धूर मुरवलेलं पाणी द्यावं लागतं, तेव्हा कुठे कोंब फुटतो. कोणाला काय लागतं हे शोधून लिहून ठेवणं, माझ्या मते बरणीतल्या बियांइतकंच मोलाचं आहे.

क्यूच्याच २०२० च्या अहवालात जगातल्या दर ५ पैकी २ वनस्पती नामशेष व्हायच्या धोक्यात असल्याचा अंदाज आहे, आणि डोंगरावरच्या जाती गारव्यासाठी वर वर सरकतायत, माथ्यापलीकडे जागा नाही.

(दृश्य : नायट्रोजनच्या टाकीतून निघणारी वाफ)

पण सगळंच बी वाळवून ठेवता येत नाही. ओकच्या झाडाचं बी वाळवलं की मरतं, आंब्याच्या कोयीचंही तेच. अशांसाठी आतला इवलासा गर्भ कापून काढतात आणि द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, उणे १९६ अंशात. प्रत्येक जातीची पद्धत वेगळी बसवावी लागते, आणि बऱ्याच जातींची अजून बसायचीये.