१२ मे १९६५: एक तारीख, दोन गाणी आणि सीटवरचा रुमाल

नमस्कार मंडळी! आज एकच तारीख घेऊन बसलोय. १२ मे १९६५.

त्या दिवशी हॉलिवूडच्या आरसीए स्टुडिओत रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश रॉक बँड 'सॅटिस्फॅक्शन' रेकॉर्ड करत होता. आणि त्याच दिवशी तिकडे अमेरिकेतल्याच मेम्फिस शहरात, स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत, गायक विल्सन पिकेट 'इन द मिडनाइट अवर' गात होता. एक रॉक, एक सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जीव ओतून गायचं संगीत. एकमेकांची खबरबात नाही, आणि तो उन्हाळा गाजवला दोन्ही गाण्यांनी.

आधी स्टोन्स. ती सुरुवातीची गिटार आठवा. घसा बसलेल्या माणसानं ओरडावं तसा आवाज. तो फझ पेडलचा, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या पायाखालच्या डबीचा. गिब्सन कंपनीच्या माएस्ट्रो फझ-टोनचा. गंमत अशी, की स्टोन्सचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स याच्या डोक्यात तिथे गिटार नव्हतीच. ती ओळ ट्रम्पेट-सॅक्सोफोननं वाजवावी असं त्याच्या मनात होतं. फझ फक्त जागा धरायला. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना आपण, तसा! पण बाकीच्यांना तेच रेकॉर्डिंग आवडलं, आणि रुमालच सीटवर बसून मुक्कामाला गेला. १० जुलैला या गाण्यानं फोर टॉप्स या गायकांच्या गटाला खाली ढकलून बिलबोर्ड मासिकाच्या अमेरिकन लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिला नंबर घेतला. चार आठवडे हललं नाही.

आता मेम्फिस. स्टॅक्सचा स्टुडिओ म्हणजे तेव्हा एक जुनं सिनेमा थिएटर होतं, जमीनही तशीच उतरती. पिकेट कृष्णवर्णीय, गिटारवाला स्टीव्ह क्रॉपर गोरा. दोघांनी गाणं रचलं लोरेन मोटेलमध्ये. हो, तेच मोटेल, जिथे १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली.

रेकॉर्डिंगच्या वेळी निर्माता जेरी वेक्सलर उठला आणि चक्क नाचून दाखवायला लागला. तेव्हा पोरं 'जर्क' नावाचा नाच करायची. त्याचं म्हणणं, ठोका असा पडू दे. करून बघा माझ्याबरोबर. एक, दोन, तीन, चार... दोन आणि चारवर टाळी. जमलं? आता तीच टाळी केसभर उशिरा द्या. लय सोडायची नाही, नुसती मागे रेलायची. ड्रमर अल जॅक्सननं नेमकं तेच केलंय. माझ्या कानाला तर ही उशिराची टाळी स्टोन्सच्या अख्ख्या रिफपेक्षा, म्हणजे त्या परत परत येणाऱ्या गिटारच्या ओळीपेक्षा, भारी वाटते. भांडा कमेंटमध्ये.

पिकेटचं हे गाणं आर अँड बी चार्टवर, म्हणजे कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत, पहिलं आलं. आणि सर्वसाधारण पॉप चार्टवर? एकविसावं.

पण खरी मजा जुलैमध्ये. त्याच स्टॅक्समध्ये सोल गायक ओटिस रेडिंग आपला 'ओटिस ब्लू' अल्बम करत होता. क्रॉपरनं सुचवलं, ते 'सॅटिस्फॅक्शन' घेऊया का? स्टोन्सचं गाणं तेव्हा जेमतेम महिन्याभराचं. ओटिसनं शब्द सैल सोडले, मनाला येईल तसे तोडले, गाणं पळवलं. आणि ती सुरुवातीची ओळ कोणी वाजवली माहितीये?

ट्रम्पेट आणि सॅक्सोफोननं. ज्याच्यासाठी रुमाल टाकला होता, तो गडी अखेर गाडीत चढला होता.

थांबा, दोन्ही पाठोपाठ लावतो. आधी ओटिस ऐका, मग स्टोन्स.