सव्वाशे जायकवाडी, एक मिलिमीटर

श्रोतेहो, नमस्कार.

गोदावरीला पूर आला की विसर्गाचा आकडा कळायच्या आधीच नाशिककर विचारतात, ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?’ गुडघे, कंबर, छाती, गळा. मूर्ती जागची हलत नाही, म्हणून यंदाचा पूर मागच्या पुराशी ताडून बघता येतो. हिमनदी मोजणाऱ्यांनाही अशीच खूण हवी असते. त्यांची अडचण एवढीच, की तिथे खूण रोवली तरी ती बर्फाबरोबर हळूहळू उताराला लागते.

बातम्यांत बहुतेक वेळा हिमनदी किती मीटर मागे हटली एवढंच येतं. गंगोत्री हिमनदीचं टोक, म्हणजे गोमुख, किती सरकलं हे ऐकून आपण हळहळतो. पण टोक मागे जाणं हा उशिरा दिसणारा परिणाम आहे. टोक जागेवर असतानाही वरचा बर्फ वर्षानुवर्षं पातळ होत असू शकतो. खरा प्रश्न आहे तो हिवाळ्यात पडलेला बर्फ किती आणि उन्हाळ्यात गेलेला किती, हा.

त्याचं उत्तर मिळतं साध्या बांबूच्या काठीवर. वाफेच्या यंत्रानं हिमनदीत दहा-दहा मीटर खोल भोकं पाडतात आणि त्यांत काठ्या सोडतात. वर्षभरानं, उन्हाळा सरता सरता, परत जाऊन काठी किती उघडी पडली ते मोजतात. दोन मीटर जास्त दिसली, तर तिथला दोन मीटर बर्फ गेला. काठी बर्फाबरोबर थोडी उताराला सरकली असली तरी हा हिशेब बिघडत नाही. वरच्या भागात, जिथे बर्फ साठतो, तिथे खड्डे खणून वर्षभराचा थर शोधायचा आणि त्याचं वजन करायचं. वजन करावंच लागतं, कारण ताज्या भुसभुशीत हिमाचा एक मीटर थर आणि घट्ट बर्फाचा एक मीटर थर यांतलं पाणी सारखं नसतं. म्हणून सगळा हिशेब शेवटी ‘इतके मीटर पाणी’ असा मांडतात.

हिमाचल प्रदेशात लाहौल-स्पितीमध्ये छोटा शिग्री नावाची हिमनदी आहे. तिथे २००२ पासून ही मोजणी चालू आहे. त्याच भागात, चार हजार मीटरांहून उंचावर, गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं ‘हिमांश’ हे केंद्र २०१६ पासून आहे. श्वास घेतानाही दम लागतो अशा उंचीवर ही माणसं काठ्या मोजतात, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. हिमालयात हिमनद्या हजारो आहेत, आणि अशी सलग नोंद असलेल्या अगदी मोजक्या.

बाकीचं काम उपग्रह करतात. २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस मोहिमेत दोन उपग्रह सुमारे २२० किलोमीटर अंतरानं एकामागून एक फिरत. खालच्या बर्फाचं वस्तुमान घटलं की तिथलं गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं आणि दोघांमधलं अंतर जराशानं बदलतं. त्या बदलावरून बर्फाचं वजन काढता येतं! २०१८ पासून हे काम पुढची जोडी करते आहे. पण उपग्रहाचा आकडा बरोबर आहे का, हे पडताळायला जमिनीवरची काठी लागतेच. म्हणून ती मोजणी एकही वर्ष खंडित होता कामा नये, असं मला मनापासून वाटतं.

आता समुद्राकडे वळू. जगातल्या सगळ्या समुद्रांची पातळी एक मिलिमीटर वाढायला सुमारे ३६० घन किलोमीटर पाणी लागतं. आपल्या ओळखीच्या भाषेत, जवळपास १२,७०० टीएमसी. गोदावरीवरचं जायकवाडी धरण पूर्ण भरल्यावर त्यात साधारण १०२ टीएमसी साठा होतो. म्हणजे सव्वाशे जायकवाडी ओतल्या की एक मिलिमीटर! ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाची हिमचादर सोडून, फक्त डोंगरांतल्या आणि इतर हिमनद्यांनी २००० ते २०२३ या काळात दरवर्षी सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावला. तेवढ्यानं समुद्र १८ मिलिमीटर वर आला. छोटा शिग्रीचं पाणी चंद्रा नदीतून चिनाबला, तिथून सिंधूला आणि शेवटी अरबी समुद्राला मिळतं. पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळून पातळी जवळजवळ वाढत नाही. जमिनीवरचा वितळला की वाढते. शिवाय तापलेलं पाणी प्रसरण पावतं. सगळं मिळून २००६ ते २०१८ दरम्यान समुद्र वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर चढला.

आपण गोदाकाठचे लोक समुद्रापासून दूर, उंचावर राहतो. गोदावरीला हिमनदीचं पाणीही मिळत नाही. पण ब्रह्मगिरीवरून निघालेली ही नदी १,४६५ किलोमीटर वाहून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. तिथली त्रिभुज प्रदेशाची जमीन तिनंच आणलेल्या गाळाची आहे. तो गाळ आज मोठ्या प्रमाणावर वाटेतल्या धरणांत अडतो. नवा गाळ पुरेसा पोहोचत नाही, जुना दबत जातो आणि जमीन खचते. काकिनाड्याजवळ उप्पाडाचा किनारा समुद्र खात चालला आहे. तिथल्या मच्छीमाराच्या दृष्टीनं पाणी चढणं आणि जमीन खचणं यांची बेरीज होते, आणि त्या बेरजेतली गाळाची बाजू आपल्याच नदीच्या वाटेवर ठरते.